ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलल्यावर नवे तेल नेमके किती भरायचे, हे ठरवण्याची पद्धत. या तेलाला गॅरेजमध्ये सर्रास एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणतात. इंजिन ऑइल पाहताना गाडी बंद करून तेल खाली उतरू देतात. एटीएफ मात्र बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून आणि तेल ठराविक तापमानाला आल्यावरच पाहावे लागते. तेलाचे तापमान माहीत नसेल तर डिपस्टिकवरची (तेलात बुडवून पातळी पाहायच्या पट्टीवरची) खूण काहीच सांगत नाही. गिअरबॉक्स बिघडवणाऱ्या बऱ्याच चुका इथेच सुरू होतात.

यामागचे कारण हे तेल जे काम करते त्यात आहे. ते गिअरना वंगण पुरवते, पण तेवढ्यावर थांबत नाही. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे तेच नेते, व्हॉल्व्ह बॉडीतून (तेल हवे तिकडे वळवणाऱ्या भागातून) वाहत जाऊन क्लच पॅक (क्लचच्या प्लेटांचा संच) दाबून धरते आणि आतली उष्णता कूलरपर्यंत पोहोचवते. ही सारी हालचाल इंजिनवर फिरणाऱ्या पंपामुळे होते. इंजिन चालू असताना बरेचसे तेल कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या नळ्यांत आणि व्हॉल्व्ह बॉडीत असते. इंजिन बंद झाले की त्यातले काही तेल हळूहळू खालच्या चेंबरमध्ये परतते आणि तिथली पातळी चढते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत डिपस्टिक घातली तर तेल खुणेच्या बरेच वर दिसते. तेवढ्यावरून जादा तेल काढून टाकणारा माणूस प्रत्यक्षात गिअरबॉक्स उपाशी ठेवतो.

दुसरे कारण उष्णतेने होणारे प्रसरण. दर अंश सेल्सिअसला तेलाचे आकारमान साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण ८ लिटर तेल २० अंशांवरून ८० अंशांवर गेले की ते सुमारे ३५० मिलिलिटरने फुगते. डिपस्टिकवर ‘कमी’ आणि ‘पूर्ण’ या दोन खुणांमधले अंतरही अनेक गाड्यांत साधारण अर्ध्या लिटरच्या आसपासचे असते. म्हणजे थंड तेल गरम तेलाच्या खुणेपर्यंत भरले, तर गाडी तापल्यावर ते जवळजवळ तेवढेच जास्त होते.

तेल कमी पडले की पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दबत नाही. त्यामुळे हवामिश्रित तेलाचा दाब पुरेसा चढत नाही, क्लच घसरतात आणि त्यांच्या प्लेटा जळतात. लिव्हर डी (पुढे) किंवा आरला (मागे) टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग धक्क्याने निघणे, घाटातल्या वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूला सरकताच इंजिनचा आवाज वाढून गाडी मात्र न ओढणे, पंपाचा बारीक घरघराट, ही त्याची लक्षणे. तेल जास्त झाले तर फिरणारे गिअर त्यात बुडतात आणि ते घुसळून त्याचा फेस करतात. फेस म्हणजे पुन्हा हवाच. म्हणून तेल कमी असो वा जास्त, चालकाला जाणवणारी लक्षणे बरीचशी सारखीच असतात. जादा तेल ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या छिद्रातून) बाहेरही पडते आणि गरम सायलेन्सरच्या पाइपवर सांडले तर धूर होतो, क्वचित आगही लागू शकते. गिअर घसरतोय म्हणून पातळी न मोजता ‘अर्धा लिटर टाकून बघू’ म्हणणे हा या कामातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे.

मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. तो १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलांमध्ये आला. पुढे अनेक दशके बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना एटीएफची वेगळी डिपस्टिक असे. टोयोटाच्या अशा डिपस्टिकवर ‘कूल’ आणि ‘हॉट’ अशा दोन पट्ट्या असतात आणि ‘हॉट’ची पट्टी तेल ७० ते ८० अंशांवर असतानाची धरलेली असते. खरी पातळी तीच. ‘कूल’ची पट्टी तेल भरल्यावर पहिला अंदाज घेण्यापुरती असते. लिव्हर कुठे ठेवायचा हेही कंपनीगणिक बदलते. बहुतेक गाड्यांत पार्क, पण क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये न्यूट्रल, कारण त्यात पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. होंडाच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांची रीत उलटी आहे. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवायचे, मग बंद करायचे आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक पाहायची. त्यामुळे एका गाडीची सवय दुसऱ्या गाडीवर चालवू नये.

पुढे अनेक गाड्यांतून डिपस्टिक गेली आणि तिची जागा ओव्हरफ्लो प्लगने घेतली. चेंबरच्या तळाशी किंवा कडेला हा प्लग (बूच) लावलेले एक भोक असते. त्याची धार ही योग्य पातळी, किंवा त्यात उभ्या बसवलेल्या नळीचे वरचे टोक ही योग्य पातळी. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत वापरलेल्या, आयसिन बनावटीच्या ०९जी या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये अशी नळी असते. त्यात तळाचा प्लग उघडताच थोडे तेल येऊन थांबते, ते बहुतेक त्या नळीतलेच असते. खरे तेल नळी काढल्यावर येते आणि नवे तेल भरण्याआधी नळी पुन्हा बसवावी लागते. या गिअरबॉक्सची पातळी ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान पाहतात. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीच्या सहा आणि आठ गिअरच्या ६एचपी व ८एचपी गिअरबॉक्सना साधारण ३० ते ५० अंश चालतात.

काम असे चालते. गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी सपाट उचलायची. फक्त पुढची बाजू जॅकवर घेतली तर तेल मागे सरकते आणि पातळी फसवी येते. प्राथमिक तेल भरून इंजिन सुरू करायचे, एसी बंद ठेवायचा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा एकेका ठिकाणी काही सेकंद थांबवत फिरवायचा आणि पुन्हा पार्कला आणायचा, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीतल्या आणि क्लचच्या सगळ्या वाटा भरतात. तापमान हव्या पट्ट्यात आले की इंजिन चालू असतानाच प्लग उघडायचा. सुरुवातीला धार येते, मग ती बारीक होते, तुटते आणि थेंब पडू लागतात. थेंब लागले की नवा वॉशर घालून प्लग लावायचा. काहीच आले नाही तर तेल कमी आहे, मग थेंब लागेपर्यंत भरायचे. भोक उघडे असताना इंजिन बंद करू नये. वरचे तेल खाली उतरून भोकातून वाहून जाते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

तापमान पाहायला बहुतेक गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) हवाच. चेंबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून मिळणारा आकडा पत्र्याचा असतो, तेलाचा नसतो. टोयोटाच्या काही गाड्यांत स्कॅनरशिवायही सोय आहे. निदानाच्या सॉकेटमधल्या दोन पिना जोडून गाडी तपासणीच्या अवस्थेत नेली की मीटरवरचा डीचा दिवा तापमान सांगतो. दिवा विझलेला म्हणजे तेल थंड, सलग पेटलेला म्हणजे योग्य, लुकलुकणारा म्हणजे जास्त तापलेले.

पातळी पाहण्याचे हे तापमानाचे पट्टे ठरवताना गॅरेज माफक तापमानाचे धरलेले दिसते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीतले तेलही जवळपास तेवढेच तापलेले असते. ४५ अंशांची मर्यादा असलेल्या गिअरबॉक्ससाठी पातळी पाहण्याची संधी इंजिन सुरू होण्याआधीच हुकते. तापलेले तेल फुगलेले असल्याने त्या अवस्थेत थेंब लागेपर्यंत ठेवलेली पातळी प्रत्यक्षात कमी पडते. विदर्भात हे काम गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून भल्या पहाटे करणे हाच शहाणपणा आहे.

जितके निघाले तितकेच भरणे ही सुरुवात म्हणून चांगली रीत आहे, शेवट म्हणून नाही. चेंबर उघडल्यावर एकूण तेलाच्या निम्म्यापेक्षा कमीच तेल बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. निघालेले तेल गरम असताना मोजले तर ४ लिटरमागे जवळपास पावणेदोनशे मिलिलिटरचा फरक पडतो, म्हणून ते थंड करून मोजावे. आधीपासून सील गळत असेल तर निघालेले मापच मुळात अपुरे असते. यंत्राने जुने तेल ढकलून नवे भरतात तेव्हाही हाच नियम आहे. यंत्र आत आणि बाहेर सारखेच तेल नेते, पण आधीची पातळी बरोबर होती की नाही हे ते सांगत नाही. यंत्र काढल्यावरही पातळी तापमानावर पाहूनच लावावी लागते आणि ग्राहकाने ‘किती अंशांवर पाहिलीत?’ असे विचारायला संकोच करू नये.

‘आयुष्यभराचे तेल’ अशा समजुतीने अनेक मालक हे तेल कधीच बदलत नाहीत. झेडएफ मात्र आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते.

क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ही पद्धत लागू होत नाही. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओबरोबर आणलेली एजीएस ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेली यंत्रणा आहे. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि एटीएफही लागत नाही. तिचे गिअर ऑइल मॅन्युअल गिअरबॉक्ससारखेच, इंजिन बंद ठेवून पाहतात. सीव्हीटीला (ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सला) स्वतःचे वेगळे तेल लागते. ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्समध्ये) फोक्सवॅगनच्या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या डीक्यू२५० ची पातळी ३५ ते ४५ अंशांवर, इंजिन चालू ठेवून पाहतात, तर कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० मध्ये गिअर ऑइल मोजूनच भरतात.