लोहगड–विसापूर: एका डोंगराचे दोन गड

युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला आणि त्यांत लोहगडाचे नाव आले. त्याला गायमुख खिंडीने जोडलेल्या, उंचीने त्याच्याहून सरस असलेल्या विसापूरचे नाव मात्र त्या बारांत नाही. लोणावळ्याजवळच्या मळवली स्थानकावर उतरून या डोंगराकडे निघणाऱ्या माणसाला समोर एकच डोंगररांग दिसते. तिच्या पोटात भाजे लेणी आहेत आणि माथ्यावर दोन गड आहेत. कागदोपत्री या रांगेचे तुकडे कसे पडत गेले, हे समजून घ्यायचे तर मुख्यतः १८१८ या एका वर्षाकडे पाहावे लागते.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात इतकेच, की कोकणातील बंदरांवरून बोरघाट चढून देशावर जाणारा व्यापारी मार्ग या डोंगराच्या पायथ्याने जात असे आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून येथे लेणी खोदली जाऊ लागली. भाजे येथील बावीस लेण्यांमधील चैत्यगृहाच्या कमानीखाली मूळच्या लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूडकाम जागच्या जागी पाहायला मिळणे फार दुर्मीळ आहे आणि बहुतेक जण त्याखालून वर न पाहता निघून जातात, याची हळहळ वाटते. लोहगडवाडीच्या बाजूच्या एका कातळकोरीव गुहेत काही वर्षांपूर्वी ब्राह्मी लिपीतील लेख आढळला. त्याचा आरंभ जैन परंपरेतील अरिहंतांच्या नमनाने होतो. त्यामुळे या परिसरातील प्राचीन वसतीचा विचार केवळ बौद्ध परंपरेपुरता करता येणार नाही, हे स्पष्ट झाले. पुढच्या राजवटींचा क्रम वाचकांना परिचित आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला.

या डोंगराचे आज दिसणारे रूप प्रामुख्याने अठराव्या शतकाने दिले. विसापूरची प्रचंड तटबंदी त्या शतकाच्या पूर्वार्धातील, पेशवाईच्या आरंभीची मानली जाते. लोहगडावर मात्र शतकाच्या अखेरीस मोठे काम झाले. पुणे दरबाराचे मुत्सद्दी कारभारी नाना फडणवीस यांनी या गडाला आपला खास आश्रय मानले, खजिना येथे हलवला, सोळा कोनांचे तळे बांधले आणि दरवाजांची बांधकामे करून घेतली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी वळणावळणाने चढत जाणारी जी माळ पाहण्यासाठी आज माणसे येतात, तिच्यातील नारायण दरवाजा त्याच काळातला. त्याच्याजवळच्या भुयारात भात आणि नाचणी साठवली जात असे.

दोन्ही गड एकमेकांना लागून असणे ही जशी सोय होती, तशीच अडचणही होती. विसापूर लोहगडाहून काहीसा उंच असल्यामुळे, तोफांचा काळ आल्यानंतर ज्याच्या हाती विसापूर त्याच्या माऱ्याखाली लोहगड, असे समीकरण तयार झाले. ४ मार्च १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने विसापूर जवळजवळ प्रतिकाराशिवाय घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडाच्या शिबंदीने, म्हणजे गडावरील फौजेने, गड सोडला. लोहगड लढला नाही, असे काही जण उणेपणाने बोलतात, परंतु विसापूर शत्रूच्या हाती गेल्यानंतर लढण्यासारखे फारसे उरलेच नव्हते, हे नकाशा समोर ठेवला की पटते.

खरा वादाचा निर्णय त्यानंतरचा आहे. मराठी मुलखातील डोंगरी किल्ल्यांचे करायचे काय, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढे होता. प्रत्येक गडावर शिबंदी ठेवायची तर खर्च न परवडणारा होता आणि गड तसेच मोकळे सोडावेत तर उद्या एखादे बंड उभे राहिल्यास मूठभर माणसांनीही मोठ्या फौजेला महिनोन्‌महिने अडवून धरले असते. यावर काढलेला तोडगा असा, की मोजके किल्ले ताब्यात ठेवायचे आणि उरलेले निकामी करायचे. संपूर्ण तट पाडणे वेळखाऊ व महागडे असल्यामुळे सुरुंग लावले गेले ते मुख्यतः दरवाजे आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या यांना. जुन्नर भागातील जीवधन आणि चावंड येथे, तसेच कळसूबाईच्या रांगेतील अलंग–मदन–कुलंग येथे या धोरणाच्या खुणा आजही चढणाऱ्याच्या पायाखाली येतात.

लोहगड–विसापूरच्या बाबतीत याच धोरणाने एका डोंगराची वाटणी केली. मुंबई–पुणे रस्त्याजवळ असल्यामुळे लोहगड ठेवला गेला आणि तेथे १८४५ पर्यंत लहानशी तुकडी राहिली. विसापूरचे दोन्ही दरवाजे पाडून गड ओसाड करण्यात आला. हा निर्णय लष्करी हिशेबाने सुसंगत होता, असे त्याचे समर्थन करणारे सांगतात. लोहगडावर नजर ठेवून असलेला उंच गड शाबूत ठेवणे धोक्याचे होते, हे खरेच. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते, की मार्चमध्ये गड पडले आणि जूनमध्ये पेशवे शरण गेले, त्यानंतर या भागात संघटित सैन्य उरलेलेच नव्हते, त्यामुळे अशा पाडापाडीमागे संरक्षणापेक्षा प्रजेच्या मनातील गडांचे स्थान पुसण्याचा हेतू अधिक होता. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. केवळ खर्चाचा प्रश्न असता तर पाण्याची टाकी बुजवून आणि तोफा उतरवूनही गड पुरेसा निकामी झाला असता. दरवाजा म्हणजे गडाचा चेहरा, आणि तोच निवडून पाडण्यात आला.

त्या एका निर्णयाचे परिणाम नंतरच्या दोनशे वर्षांत साचत गेले. दरवाजे, पायऱ्या आणि वहिवाटीची वाट शिल्लक राहिल्यामुळे लोहगडावर जाणे सोपे राहिले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यावर हा परिसर मुंबईकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आला आणि १९०९ मध्ये लोहगडाला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. पवना धरणानंतर दक्षिणेकडचा देखावाच पालटला. आज लोहगडाच्या विंचूकाट्यावरून, म्हणजे गडाच्या पुढे गेलेल्या अरुंद सोंडेवरून, दिसणारे विस्तीर्ण पाणी पेशवाईतल्या पहारेकऱ्याने कधी पाहिले नव्हते. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मग पावसाळ्यातील शनिवार–रविवारच्या गर्दीने मर्यादा ओलांडली. २०२३ च्या पावसाळ्यात महादरवाजाच्या वाटेवर हजारो माणसे अडकून पडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली. ज्या वळणदार, अरुंद मार्गाची रचना शत्रूला कोंडण्यासाठी केली होती, त्याने पर्यटकांनाही तसेच कोंडले. ही चेंगराचेंगरीची भीती केवळ शिस्तीच्या अभावाने निर्माण झालेली नाही. येण्याची आणि जाण्याची वाट एकच असलेल्या वास्तूत एका वेळी किती माणसे सोडायची, याचा विचार तिकीट देतानाच व्हायला हवा.

विसापूरकडे याच काळात वेगळ्या प्रकारची माणसे वळली. मोडलेल्या पायऱ्या, पावसात त्यांवरून धबधब्यासारखे वाहणारे पाणी आणि वर गेल्यावर भोवताली पसरलेला लांबच लांब तट, हेच त्याचे आकर्षण ठरले. पाण्यातून चढण्याचा आनंद घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की सरळ दरवाजातून गडावर जाण्याची सोय त्यांच्यापासून दोन शतकांपूर्वी हिरावून घेतली गेली? अपघातांच्या भीतीने आता पावसाळ्यात मावळातील धबधबे आणि गडांच्या परिसरासाठी मनाई आदेश निघतात. ते आवश्यकही आहेत, परंतु विसापूरच्या वाटेची डागडुजी हा त्यांहून टिकाऊ उपाय आहे.

वारसा यादीसाठी किल्ले निवडताना सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील मराठा लष्करी रचना हा निकष होता आणि वास्तू कितपत शाबूत आहे, यालाही अशा निवडीत महत्त्व असते. १८१८ मध्ये राखलेला गड २०२५ मध्ये यादीत बसला आणि तेव्हा मोडलेला बाहेर राहिला, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. वास्तविक लोहगडाची लष्करी रचना विसापूरवाचून समजतच नाही. स्थानिक दुर्गप्रेमी म्हणूनच अनेक वर्षे दोन्ही नावे जोडून घेत आले आहेत. त्याच निकषामुळे भाजे लेणी आणि लोहगडवाडीचा ब्राह्मी लेखही या कथेच्या बाहेर पडले. लेण्यांचे संरक्षण स्वतंत्रपणे होते, त्यामुळे त्यांना धोका नाही, परंतु गडावरच्या फलकावरून डोंगराचा इतिहास वाचणाऱ्याला तो सतराव्या शतकात सुरू झाला, असेच वाटेल.

ज्याला हा डोंगर सलग पाहायचा आहे, त्याने पाऊस ओसरल्यावर, आठवड्यातील कामाच्या दिवशी मळवलीहून निघावे, भाजे लेणी पाहून विसापूर चढावा, गायमुख खिंडीत उतरावे आणि दुपारनंतर लोहगडाच्या दरवाजांतून वर जावे. या क्रमाने गेल्यास लेणी, उंचावरचा गड आणि त्याच्या माऱ्यात येणारा गड यांचे परस्परांशी असलेले नाते वाटेनेच उलगडते. पहिल्या दोन ठिकाणी पिण्याच्या पाण्याची आणि खाण्याची सोय आपापली ठेवावी लागते. खिंडीजवळ, लोहगडवाडीत मात्र जेवण मिळते.