हेजहॉग घरी आलाय? पिंजरा जोडायच्या आधी हे वाचा

पिंजरा घेतल्याबद्दल थँक्यू. जोडणीचं चित्र पिंजऱ्याच्या बॉक्सवर आहेच, ते जमेल तुम्हाला. हे पत्रक बाकीच्या गोष्टींसाठी आहे, कारण आमच्याकडे येणारे निम्मे फोन "तो खातच नाही", "तो हलतच नाही" असे असतात आणि बहुतेक वेळा गडबड टेंपरेचरची असते.

तुमच्याकडे आलाय तो आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. वजन साधारण 300 ते 600 ग्रॅम, आयुष्य साधारण 4 ते 6 वर्षं. मूळचा उबदार प्रदेशातला प्राणी आहे, युरोपातल्या हेजहॉगसारखा थंडीत महिनोन् महिने झोपून राहणं याच्या शरीराला झेपत नाही. थंडी वाजली की तो तसा प्रयत्न करतो आणि त्यातच दगावतो. म्हणून पिंजऱ्यातलं टेंपरेचर 23 ते 27 डिग्रीच्या मधे ठेवायचं, 18-20 च्या खाली जाऊच द्यायचं नाही. एक साधा डिजिटल थर्मामीटर पिंजऱ्याच्या आत, खालच्या बाजूला लावा, भिंतीवरचं घड्याळवालं नको, ते खोलीचं टेंपरेचर सांगतं, जमिनीलगतचं नाही.

आता पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या आसपास येतो, नाशिकला तर त्याहून खाली, तेव्हा नुसता पिंजऱ्यावर चादर टाकून भागत नाही. सिरॅमिक हीट एमिटर घ्या (बल्बसारखाच होल्डरला लागतो पण उजेड देत नाही, त्यामुळे रात्री चालतो), तो पिंजऱ्याच्या बाहेरून, वरून, जाळीचं कव्हर लावून बसवा आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या टेंपरेचरला हीटर आपोआप चालू-बंद करणारा स्विच) अजिबात लावू नका. लाईट गेली तर गरम पाण्याची पिशवी जाड फ्लीसमधे (मऊ, उबदार कापड) गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, त्याला नको असेल तर दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. मुंबईवाल्यांना वाटतं आपल्याकडे थंडीच नाही, पण बेडरूममधे रात्रभर एसी 20 वर आणि पिंजरा बरोबर एसीच्या खाली, हे आम्ही खूपदा बघितलंय. उन्हाळ्यात उलट, 30 च्या वर गेलं की तो पाय पसरून सपाट पडून राहतो, तेव्हा पिंजरा सावलीतल्या थंड खोलीत हलवा, जवळ एक फरशीचा तुकडा ठेवा, कूलर थेट अंगावर नको.

पोट गार लागतंय, चालताना डोलतोय, अंगाची चेंडूसारखी केलेली गुंडाळी सोडत नाहीये, असं थंडीत दिसलं तर त्याला तुमच्या टीशर्टच्या आत पोटाशी धरा, बाहेरून कोमट पिशवी लावा आणि हळूहळू ऊब येऊ द्या. गरम पाण्यात घालायचं नाही, तोंडात पाणी-दूध ओतायचं नाही. जागा झाला की त्याच दिवशी डॉक्टर. आणि उबेतही चाल डोलतच राहिली तर तो वेगळा आजार असू शकतो, तेही डॉक्टरांनाच दाखवा.

पिंजऱ्यात काय हवं

जागा कमीत कमी 4 बाय 2 फूट, तळ सपाट, जाळीचा नाही, त्यात पाय अडकतात. चाक भरीव पृष्ठभागाचं आणि साधारण 12 इंचाचं, दांड्यांचं चाक हॅम्स्टरलासुद्धा बरं नाही, याला तर नाहीच. रात्री तो तासन् तास पळतो आणि पळता पळता शी करतो, सकाळी चाक धुवावं लागणार, ही गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत.

खाली फ्लीस किंवा कागदाचं बेडिंग. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्यात प्लायचा गोंद, पॉलिश, काय काय असतं, आणि देवदारचा वास त्याच्या श्वासाला वाईट. टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात. पावसाळ्यात बेडिंग रोज चाचपून बघा, ओलसर वाटलं की बदला. लपायला एक छोटं घर हवंच. आणि एका पिंजऱ्यात एकच! जोडीदार आणला तर भांडणं होतात, तो एकटा कंटाळत नाही.

खाणं

चांगल्या प्रतीचं मांजराचं ड्राय फूड, प्रोटीन 30-35 टक्के आणि फॅट 15 च्या आत, दिवसाला एक ते दोन टेबलस्पून, संध्याकाळी. हे लगेच जाड होतात, मग गुंडाळीसुद्धा नीट होत नाही. सोबत अधूनमधून दोन-चार मीलवर्म (खाण्यासाठी विकत मिळणाऱ्या अळ्या), उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा अंडं. दूध नको, पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट नको. शेंगदाणे-बदामही नको, टाळूला चिकटून बसतात. पाणी जड वाटीत द्या. आधीच्या मालकाकडे काय खात होता ते विचारून तेच सुरू ठेवा आणि नवीन खाणं आठवडा-दहा दिवसांत हळूहळू मिसळा.

मुंग्या लागतात हे खरं. खाण्याची वाटी पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवा. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याभोवती ओढू नका, ते कीटकनाशक आहे आणि हा नाक जमिनीला लावूनच फिरतो. मच्छर कॉइल आणि उग्र फिनेलही त्या खोलीत नको. दिवाळीत फटाक्यांपासून लांबची आतली खोली द्या.

ओळख

पहिले तीन-चार दिवस फक्त खाणं-पाणी आणि सफाई, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका. मग रोज संध्याकाळी, तो उठायच्या वेळी, दोन्ही हात खालून घालून उचला, मांडीवर सोडा आणि फुसफुसला तरी घाबरून लगेच परत ठेवू नका, नाहीतर फुसफुसलं की सुटका होते हे तो शिकतो. तुमचा वापरलेला टीशर्ट त्याच्या घरात ठेवला तर वासाची सवय होते. मधेच तोंडाला फेस आणून मान वळवून काट्यांना फासायला लागला तर रेबीज-बिबीज काही नाही, नवीन वास लागला की ते करतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, 5 वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊच नका.

डॉक्टर

एक्झॉटिक प्राणी बघणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हे बघत नाहीत. तपासताना हा गुंडाळी सोडत नाही म्हणून भुलीचा हलका गॅस द्यावा लागतो, घाबरू नका. लहान पिल्लाचे काटे गळून नवे येतात ते नॉर्मल, पण मोठ्याचे काटे गळतायत, खाजवतोय, मुळाशी कोंड्यासारखं दिसतंय म्हणजे बहुतेक माइट्स (कातडीवरचे बारीक किडे). कुणी सांगितलं म्हणून औषध घरी टाकू नका, डोस वजनावर असतो. मादीच्या लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका, गर्भाशयाच्या गाठी यांच्यात बऱ्याच होतात.

एक कायद्याचं. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आणि दक्षिणेत आपले देशी हेजहॉग आहेत, ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. कुणी "गावाकडून पकडून आणलाय, स्वस्तात देतो" म्हणालं तर घेऊ नका, आणि तसा प्राणी घेऊन पिंजरा मागायला आलात तर आम्ही देणार नाही.

चाकाचं बेअरिंग आवाज करायला लागलं तर तेल सोडू नका, तो चाटतो. चाक काढून दुकानात आणा, बदलून देऊ.