कलर ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर विकले गेले, आता जुन्या कामाचे काय?

अंधेरीपासून गोरेगावपर्यंतच्या डीआय (डिजिटल इंटरमीडिएट) म्हणजे चित्रांवर रंगसंस्कार करणाऱ्या स्टुडिओंमध्ये चित्रपट, मालिका आणि जाहिराती यांचे रंग ठरतात. तिथला कलरिस्ट ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, ते बनवणारी कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली की पहिली चिंता जुन्या प्रोजेक्टांची असते. तिचे उत्तर बरेचसे रंगांच्या गणितात दडलेले आहे.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जूनमध्ये चित्रीकरण चालू आहे असे समजा. पहिल्या शॉटमध्ये ऊन होते आणि दुसऱ्यापर्यंत आभाळ भरून आले. ढगाळ प्रकाशात निळ्याचा वाटा वाढतो, त्यामुळे दोन्ही शॉट सलग पाहताना त्याच माणसाचा चेहरा अचानक गारठल्यासारखा दिसतो. चित्राच्या प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन संख्या असतात. कलरिस्ट पॅनेलवरची चाके फिरवतो तेव्हा प्रत्येक संख्येला गुणले जाते, तीत काही मिळवले किंवा वजा केले जाते आणि उत्तराचा घात घेतला जातो. लालचे मूल्य ०.४० असेल, त्याला १.२ ने गुणले, ०.०३ वजा केले आणि घात १ ठेवला, तर ०.४५ येते, लाली तेवढी परतली. तीन रंगांचे असे नऊ आकडे आणि रंग एकूण किती भडक किंवा फिके हे ठरवणारा दहावा, एवढ्यावर मूळ दुरुस्ती भागते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने हेच दहा आकडे ‘सीडीएल’ या नावाने प्रमाणित केले आहेत आणि ते साध्या मजकूर फाइलमध्ये मावतात. कंपनीचा मालक बदलला तरी त्यांना धक्का लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मागचा समुद्र तसाच ठेवून फक्त चेहरा उजळायचा असेल, तर चेहऱ्याभोवती मास्क, म्हणजे दुरुस्तीची हद्द ठरवणारा आकार, आखून तो माणसाच्या हालचालीबरोबर सरकवावा लागतो. हे काम दहा आकड्यांत बसत नाही आणि ‘लट’ (लुक-अप टेबल) नावाच्या तक्त्यातही बसत नाही. ३३ × ३३ × ३३ अशा तक्त्यात ३५,९३७ नोंदी असतात, पण प्रत्येक नोंद एवढेच सांगते की हा रंग आत आला तर तो रंग बाहेर द्यावा. तो रंग चेहऱ्यावरचा आहे की वाळूवरचा, हे तक्त्याला कळण्याची सोयच नसते. मास्क, त्यांचा माग आणि नोडची रचना, म्हणजे कोणती दुरुस्ती कोणत्या क्रमाने लागते याची मांडणी, ज्या त्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्येच राहतात, आणि सॉफ्टवेअर बंद पडले की आधी हाच भाग हातचा जातो.

असे घडलेलेही आहे. अ‍ॅपलने २००६ मध्ये सिलिकॉन कलर ही कंपनी घेतली, तिचे महागडे सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी ‘कलर’ नावाने आपल्या फायनल कट स्टुडिओ या संकलनाच्या सॉफ्टवेअर-संचासोबत दिले आणि २०११ मध्ये ते बंद केले. अडोबीने २०११ मध्ये इरिडास घेतली. तिचे स्पीडग्रेड हे ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर काही वर्षांत संपले, पण त्यातले ल्युमेट्री हे तंत्र अडोबीच्या प्रीमियर या संकलन सॉफ्टवेअरमध्ये टिकले. उलट ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये दा विंची सिस्टिम्स घेतली आणि लाखो डॉलरांच्या यंत्रणेवर चालणारे तिचे रिझॉल्व्ह हे ग्रेडिंगचे सॉफ्टवेअर २०१० मध्ये ९९५ डॉलरला विकायला काढले; वर्षभरात त्याची मोफत आवृत्तीही आली.

ही स्वस्ताई निव्वळ नव्या मालकाची उदारता नव्हती. साध्या एचडी चित्रात २० लाखांहून अधिक बिंदू असतात. सेकंदाला २५ चित्रे धरली तर पाच कोटींहून अधिक बिंदूंचे गणित दर सेकंदाला करावे लागते. त्यासाठी पूर्वी खास यंत्रे लागत. प्रत्येक बिंदूचे गणित शेजारच्यावर अवलंबून नसल्याने ते एकाच वेळी हजारो ठिकाणी वाटता येते, आणि गेमिंगसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डे नेमकी याच कामात तरबेज असतात. शिवाय ब्लॅकमॅजिक कॅमेरे, व्हिडिओ कार्डे आणि पॅनेल विकते, म्हणून सॉफ्टवेअर जवळपास फुकट देणे तिला परवडते. नव्या मालकाची कमाई कशातून होते, हे त्याच्या आश्वासनांपेक्षा अधिक बोलके असते, असे माझे मत आहे.

स्टुडिओच्या हाती उरते ते जतन. मूळ फुटेज, शॉटांची यादी आणि सीडीएल सांभाळणे सोपे आहे. मास्क मात्र काळ्या-पांढऱ्या व्हिडिओच्या रूपात वेगळे काढावे लागतात. मग कोणतेही सॉफ्टवेअर ते वाचू शकते. त्याला हार्ड डिस्कवर बरीच जागा लागते आणि प्रदर्शनाच्या घाईत तेवढा वेळ द्यायला निर्माता सहसा राजी नसतो.