चांद्ररात्रीसाठी वीज: मायक्रोवेव्ह की लेझर, या वादाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले आणि सप्टेंबरच्या प्रारंभी, तेथे सूर्यास्त होण्यापूर्वीच, लँडर व रोव्हर दोघांनाही निद्रावस्थेत ठेवण्यात आले. पुढच्या सूर्योदयाला ते जागे झाले नाहीत. मोहीम एका चांद्रदिवसासाठीच आखलेली होती, त्यामुळे याला अपयश म्हणता येणार नाही. मात्र पृथ्वीवरील चौदा दिवसांएवढी रात्र केवळ सौर पॅनेलवर निभावत नाही, ही जुनी अडचण पुन्हा चर्चेत आली. अपोलो-१२ पासून चंद्रावर ठेवलेल्या उपकरणांना प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी, सुमारे ७० वॅटची जनित्रे दिलेली होती. पण असे इंधन दुर्मिळ आणि सांभाळायला अवघड असते. म्हणून चंद्राभोवतीच्या उपग्रहावर वीज तयार करून ती मायक्रोवेव्ह किंवा लेझरच्या झोताने खाली पाठवावी, असा पर्याय मांडला जातो.

कक्षेत वीज तयार करून ती खाली पाठवण्याचा मूळ प्रस्ताव १९६८ मध्ये एका अभियंत्याने मांडला, तो पृथ्वीसाठी. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ३० किलोवॅटहून अधिक वीज मायक्रोवेव्ह लहरींद्वारे पोहोचवण्यात आली आणि तेव्हापासून या क्षेत्रात मायक्रोवेव्ह हेच गृहीत धरले गेले. पृथ्वीपुरती ती निवड रास्त होती, कारण जुलैत खारघरच्या डोंगरावर उतरणाऱ्या ढगांतून लेझरचा निभाव लागत नाही. मायक्रोवेव्ह लहरींची किंमत मात्र आकारात मोजावी लागते. १२ सेंटिमीटर लांबीची लहर ३६,००० किलोमीटरवरून नेमकी उतरवायची, तर वर किलोमीटरभर रुंद अँटेना आणि खाली लहरी झेलणारे सुमारे १० किलोमीटर रुंद क्षेत्र लागते.

चंद्रावर हवाही नाही आणि ढगही नाहीत, तरीही पृथ्वीसाठी केलेली ही निवड चंद्राच्या आराखड्यांतही बराच काळ तशीच वावरत राहिली, याचे आश्चर्य वाटते. लेझरची तरंगलांबी सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असते. त्यामुळे १०० किलोमीटरवरून त्याचा झोत काही मीटरच पसरतो, आणि तो वेगळ्या अँटेनाशिवाय रोव्हरच्या नेहमीच्या सौर पॅनेलवरच घेता येतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तर पृथ्वीवरूनच चंद्रावर लेझर टाकण्याचा अभ्यास झाला होता. वीज लेझरमध्ये बदलताना मोठा वाटा वाया जातो, हा आक्षेप खरा आहे. शस्त्र म्हणून वापर होण्याची भीतीही आहे. असे असले, तरी लहान यंत्रांसाठी लेझरचेच पारडे जड दिसते.

२०२३ मध्ये दोन्ही पद्धतींच्या कक्षेतील चाचण्या झाल्या, पण एकाच यानावर किंवा अंतराळ स्थानकावर, अगदी थोड्या अंतरात. दरम्यान, अमेरिकेने २०२२ मध्ये चंद्रावरील ४० किलोवॅटच्या अणुभट्टीच्या संकल्पनांना निधी दिला आणि २०२५ मध्ये २०३० पर्यंत १०० किलोवॅटची भट्टी हे लक्ष्य जाहीर केले. कायमच्या तळासाठी ते योग्यही असेल, पण शेकडो किलोमीटर दूर भटकणाऱ्या रोव्हरला त्या भट्टीचा उपयोग नाही.

झोताच्या वादात कक्षेचा प्रश्न मागे पडतो. ऐरोलीतील राज्य भारप्रेषण केंद्रातून राज्यभरच्या विजेचे वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत आखले जाते. चंद्राभोवती १०० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह मात्र एका जागेच्या क्षितिजाच्या वर एका फेरीत जेमतेम १२ मिनिटे राहतो. उंच कक्षेत नेल्यास तो अधिक वेळ दिसतो, पण झोत पसरतो. कमी उंचीवर अनेक उपग्रह लागतात, आणि चंद्राचे गुरुत्वाकर्षण असमान असल्याने त्यांच्या कक्षा टिकवायला इंधन खर्च होते. त्यामुळे पहिला उपयोग यंत्र चालवण्यासाठी नव्हे, तर रात्रभर त्याची बॅटरी गोठू न देण्यापुरता होण्याचीच शक्यता अधिक आहे.