गाडी एका बाजूला ओढते, म्हणजे अलाइनमेंटच बिघडली का?

स्टीअरिंगवरची पकड सैल केली की गाडी एका बाजूला सरकते, म्हणजे व्हील अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) बिघडली, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो पूर्णपणे चुकीचा नसला तरी अर्धवट आहे.

पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवलेला असतो, साधारण 2 टक्के उताराचा, त्यामुळे निर्दोष गाडीही हळूहळू कडेकडे जाते. हा दोष नव्हे. ओढ स्पष्ट जाणवत असेल, तर टायर थंड असताना आधी हवा तपासावी, कारण पुढच्या ज्या चाकात हवा कमी असते त्या बाजूला गाडी ओढली जाते. हवा ठीक असूनही ओढ राहिली, तर पुढचे दोन्ही टायर आपसात बदलून पाहावेत (टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास मात्र नको): ओढीची बाजू बदलली किंवा ओढ थांबली, तर दोष टायरच्या घडणीत किंवा झिजेत आहे आणि अलाइनमेंटवर केलेला खर्च वाया जाईल. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक फार तापत असेल, तर बहुधा तिथला ब्रेक अडकलेला असतो.

खुद्द अलाइनमेंटमध्येही, सर्वाधिक वेळा जुळवला जातो तो पुढचा टो (वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) सहसा ओढीला कारणीभूत नसतो. तो बिघडल्यास स्टीअरिंग तिरके राहते आणि टायर लवकर झिजतात. ओढ निर्माण होते ती डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) किंवा कॅस्टरमधील (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल) फरकामुळे, आणि अनेक गाड्यांत हे कोन जुळवण्याची सोयच नसल्याने वाकलेला किंवा झिजलेला सुटा भाग बदलावा लागतो.