संगणकाला 'कमल' दिसत नाही तेव्हा

तासगावहून रोज एसटीने सांगलीला येणारा माझा एक विद्यार्थी जन्मापासून अंध आहे. अर्थशास्त्राच्या नोट्स त्याला ईमेल केल्या आणि मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी त्याने आपला इअरफोन माझ्या हातात दिला. आतला आवाज एकामागून एक इंग्रजी अक्षरं बडबडत होता. मराठीचा एक शब्द ऐकू येईना.

चूक माझ्या फॉन्टची होती. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा आकार बघत नाही, फाईलमध्ये साठवलेले अक्षरांचे क्रमांक वाचतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'कमल' टाइप केलं की आत 100, 101, 121 हे क्रमांक जातात. ते इंग्रजी डी, ई आणि वाय यांचे. फॉन्ट त्यांच्यावर फक्त क, म, ल यांची चित्रं चढवतो. युनिकोड या सगळ्या संगणकांच्या समान अक्षर-क्रमांक पद्धतीत मात्र क म्हणजे 2325, म म्हणजे 2350, ल म्हणजे 2354, कुठल्याही संगणकावर. म्हणून एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडरही तो मजकूर मराठीतच वाचून दाखवतो.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तरी आपल्या नोट्स अजून जुन्या फॉन्टमध्ये, नाहीतर झेरॉक्स स्कॅन करून फिरतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात अक्षरांचे क्रमांकच नसतात. ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, अक्षरं काढता येतात, पण पुसट जोडाक्षरांवर ते अडखळतं, मग कुणीतरी बसून तपासावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मुळे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. हे सगळं हवंच. पण जे पान वर्षभर वाचताच आलं नाही, त्याच्यासाठी तीन तासांच्या पेपरला मिळालेला जादा एक तास काय कामाचा?

सगळ्या नोट्स मी युनिकोडमध्ये आणल्या. आकृत्या राहिल्या होत्या. मागणी वक्राखाली लिहिलं: 'उभ्या अक्षावर बेदाण्याचा भाव, आडव्या अक्षावर मागणी. रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते.' पुढच्या तासाला हात वर करून त्याने विचारलं, "सर, ही रेषा पार आडवी झाली तर?"