हिवाळी पेरणी (पात्रांतील)

हिवाळी पेरणी : फुलझाडांचे व भाजीपाल्याचे बी वापरून झालेल्या अर्धपारदर्शक बाटल्या-डब्यांत, ओलसर मातीत पेरून ती पात्रे भर हिवाळ्यात उघड्यावर ठेवण्याची पद्धत. ती समशीतोष्ण व शीत प्रदेशांत, विशेषतः उत्तर अमेरिकेत, हौशी बागकामात प्रचलित आहे. बी थंडी-पाऊस सोसत पडून राहते आणि हवा पुरेशी उबदार झाली की रुजते. हरितगृह, दिवे किंवा तापवलेली खोली लागत नाही.

आजच्या स्वरूपातील प्रसाराचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथील ट्रुडी डेव्हिडॉफ यांना दिले जाते. हा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा एकविसाव्याच्या अगदी आरंभी झाला असावा. पद्धतीचे मूळ मात्र त्याहून बरेच मागे जाते आणि त्याविषयी दोन मते मांडता येतात.

पहिल्या मतानुसार ही पद्धत आच्छादित वाफ्यांच्या परंपरेतील आहे. रोमन सम्राट टायबीरिअस याला वर्षभर काकडी मिळावी म्हणून चाके लावलेले वाफे उन्हात फिरवीत व थंडीत पारदर्शक खनिजाच्या पत्र्यांखाली ठेवीत, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदवले आहे. (ते फळ काकडी नसून खरबुजाचा लांबट प्रकार असावा, असे अलीकडील अभ्यासकांचे मत असून ते अधिक सयुक्तिक वाटते.) लंडनचे वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना 1829 च्या सुमारास पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा व गवत उगवलेले दिसले. या निरीक्षणातून पुढे वनस्पतींच्या काचपेट्या निघाल्या व 1842 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झाकलेल्या पात्रात ओलावा फिरत राहतो, हे तत्त्व तेथे स्पष्टच दिसते.

दुसरे मत या पद्धतीचा संबंध वनरोपवाटिकांतील स्तरणाशी जोडते. वृक्षांचे बी ओलसर माती वा वाळूच्या थरांत घालून हिवाळा काढू देण्याची ही रीत इंग्रज लेखक जॉन एव्हलिन यांच्या 1664 मधील ‘सिल्व्हा’ या ग्रंथात आढळते. प्रत्यक्ष व्यवहारात ती त्याआधीचीही असू शकेल. येथे हे दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. आच्छादित वाफा थंडीला बाहेर रोखतो, तर हिवाळी पेरणीत थंडी बियांपर्यंत मुद्दाम पोहोचू दिली जाते. झाकण पहिल्या परंपरेचे असले, तरी पद्धतीचा गाभा स्तरणाचाच आहे.

शरीरक्रिया : शीत प्रदेशांतील अनेक वनस्पतींचे पक्व बी अनुकूल ऊब मिळाली तरी लगेच रुजत नाही. त्याला सुप्तावस्था असते. ओलसर बी साधारण 1° ते 5° से. तापमानात काही आठवडे (जातीनुसार सुमारे 4 ते 12) राहिले की अंकुरण रोखणाऱ्या ॲब्सिसिक अम्लाचा प्रभाव ओसरतो, जिबरेलिनांचा (अंकुरणास चालना देणाऱ्या संप्रेरकांचा) वाढतो आणि बी रुजण्यास सिद्ध होते. ओलावा येथे अपरिहार्य आहे. कोरडे बी थंडीत ठेवल्याने ते टिकते, पण सुप्तावस्था मोडत नाही.

बर्फ गोठण्या-वितळण्याने बीजकवच तडकते व म्हणून बी रुजते, असे स्पष्टीकरण लोकप्रिय लेखनात वारंवार येते. ते मर्यादित अर्थानेच खरे आहे. शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) कुलातील काही वनस्पतींप्रमाणे ज्यांचे कवच पाणी आत घेत नाही, त्यांच्या बाबतीत तापमानातील चढउतारांचा उपयोग होऊ शकतो. रुजण्यासाठी थंडी लागणाऱ्या बहुसंख्य बियांत अडथळा भ्रूणाच्या शरीरक्रियेत असतो आणि पात्रातील माती दगडासारखी गोठलेली असताना ती क्रिया जवळजवळ थांबलेली असते. खरे काम गोठण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओल्या गारव्यात होते. पेरणीचा दिवस ठरवताना ही गोष्ट नजरेआड होते, हे खेदाचे आहे : सर्वांत कडक थंडी गाठण्यापेक्षा गोठणबिंदूच्या किंचित वरचे आठवडे पुरेसे मिळणे महत्त्वाचे. वासंतीकरण ही यापासून वेगळी प्रक्रिया होय. तिचा संबंध रुजण्याशी नसून फुलोरा येण्याशी असतो.

पद्धती : दुधाचे सुमारे 3.8 लिटरचे (एक गॅलन) प्लॅस्टिकचे कॅन सर्वाधिक वापरले जातात. कॅन मुठीच्या खालून आडवा कापतात, पण एक बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवतात. बुडाला निचऱ्याची भोके पाडून 7 ते 10 सेंमी. कुंडीमिश्रण भरतात, बी पेरून भिजवतात आणि काप चिकटपट्टीने बंद करतात. टोपण काढून टाकतात, म्हणजे तोंडातून पाऊस व वितळलेला बर्फ आत जातो आणि उन्हाने तापलेली हवा बाहेर पडते. पातळ प्लॅस्टिकमुळे रात्रीच्या गारठ्यापासून फारसे संरक्षण मिळत नाही, मात्र उन्हात आतील तापमान झपाट्याने वाढते. म्हणून वसंतात पात्र दिवसा उघडणे आवश्यक ठरते. रोपे प्रथमपासून वारा व गारवा अनुभवत असल्याने लावणीपूर्वी ती वेगळी काटक करावी लागत नाहीत. थंड, खेळत्या हवेमुळे रोपांच्या कोलमडीचा रोगही कमी आढळतो.

कोनफ्लॉवर, कोलंबाइन, पेनस्टेमॉन, लार्कस्पर ही फुलझाडे आणि मिल्कवीडच्या अनेक जाती या पद्धतीस विशेष अनुकूल आहेत. मिल्कवीड हे मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांचे एकमेव खाद्य असल्याने त्याच्या लागवडीला मोठे महत्त्व आहे. केल, लेट्यूस या पालेभाज्यांना सुप्तावस्था मोडण्यासाठी थंडीची गरज नसते, पण त्यांची रोपे गारवा सोसतात. टोमॅटो व मिरचीचे बी वसंताच्या तोंडाशी पेरतात, कारण अंकुर फुटल्यावर पडलेला हिमतुषार त्यांना मारक ठरतो. उष्ण प्रदेशांत या पद्धतीचे प्रयोजन उरत नाही.

दुधाचे कॅन उन्हाने एकदोन हंगामांत ठिसूळ होतात. तुकडे पडण्यापूर्वीच ते काढून पुनश्चक्रीकरणास द्यावेत. शाईची नावे उन्हात उडतात, म्हणून नावपट्टीवर पेन्सिलीने लिहितात.